न मोजलेली पाटी

ओहोटी लागली की खाडीच्या तोंडाशी रोवलेले खुंट हळूहळू पाण्यातून वर येत. इतर साली त्या खुंटांच्या जोड्यांमध्ये डोली, म्हणजे पिशवीसारखी जाळी, ताणलेल्या असत. पाणी समुद्राकडे धावताना सोबत जे नेई, ते डोलीच्या लांब पिशवीत शिरून अडकून बसे. यंदा, एकसष्ट साली, नारळी पौर्णिमेपासून खुंट नुसतेच उभे होते. चाळीस जोड्या. नलू रोज सकाळी बांधावर जाऊन त्या पाही. तिच्याच सांगण्यावरून ते खुंट उघडे राहिले होते.

कांदळवाडी बोर्ली पंचतनच्या बाजारापासून दोन कोसांवर. साठ-सत्तर कोळ्यांची घरं. ज्यांच्या होड्या मोठ्या ते बाहेर दर्यावर जात, बाकीच्यांचं पोट खाडीवर. नलूचा बाप अनंता हा जमातीचा पाटील. नलू मुंबईला राहून प्राणिशास्त्र शिकलेली, वाडीतली पहिली मुलगी. मत्स्यखात्यात तिला नोंदणीचं काम मिळालं आणि तीन वर्षांमागे आपल्याच खाडीतल्या कोळंबीची नोंद ठेवायला ती घरी परतली होती.

वाडीला ती पहिल्यांदा जे सांगायला गेली, त्यावर लोक पोट धरून हसले होते. खाडीतली बारीक करंदी आणि बाहेरची मोठी कोळंबी ही एकच जात आहे, कोळंबी बाहेर अंडी घालते, तिची पिल्लं भरतीबरोबर खाडीत येतात, कांदळाच्या मुळांत वाढतात आणि पावसाळा सरता सरता ओहोटीबरोबर पुन्हा बाहेर जातात, असं तिचं म्हणणं.

"म्हंजी करडू मोठं झालं की म्हैस व्हतं," असं रावजी म्हणाला होता. त्याच्या एकट्याच्या पाच डोली.

पण आकड्यांना कोणी हसलं नाही. बर्फाची लॉरी बोर्लीपर्यंत येऊ लागली, तशा वाडीतल्या पंचवीस डोलींच्या चाळीस झाल्या होत्या. हंगामाच्या सुरुवातीला एका डोलीमागे एका ओहोटीत किती पाट्या करंदी निघते, ते नलूने तीन सालं बायकांना विचारून लिहिलं होतं. अठ्ठावन्न साली आठ. एकोणसाठला सात. साठला सहा. आलेखाच्या कागदावर तिने तीन टिंबं मांडली, त्यांतून रेघ ओढली आणि ती बापापुढे ठेवली. जी जन्मते आणि वाढते ती एका बाजूला, जी मरते आणि आपण काढतो ती दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू दर साली एका पाटीने जड होते आहे. ती हलकी करायची तर पिल्लं बाहेर जाण्याच्या दिवसांत, निदान पंचेचाळीस दिवस, ओहोटीला डोल लावायची नाही.

अनंताला लिहिता येत नव्हतं, पण उतरती रेघ दिसत होती. त्याने गावदेवीपुढे नारळ ठेवून जमातीच्या वतीने शब्द दिला. घट बसेपर्यंत डोल पाण्यात जाणार नाही, आणि घट बसले की जाईल. दोन्ही शब्द एकाच नारळावर.

देवीपुढचा शब्द मोडणाऱ्याला जमात वाळीत टाकी. त्याचा अर्थ नलूने लहानपणी पाहिला होता. विठोबा नावाच्या माणसाची होडी किनाऱ्याला लागली आणि ओढायला एकही हात पुढे आला नाही. पंधरा माणसांनी ओढायची होडी तो, त्याची बायको आणि दोन मुली ओढत राहिल्या. होडी लाटांत आडवी झाली. संध्याकाळपर्यंत तिच्या फळ्या सुट्या होऊन किनाऱ्यावर आल्या. बघणारे बघत होते. नलूही बापाचं बोट धरून बघत होती.

घट बसायला आठ दिवस उरले होते. किनाऱ्यावरून येताना रावजी जाळं खांद्यावर टाकून उभा दिसला.

"काय नलूताय, करंदी गेली का माहेराला?"

"जातेय, रावजीकाका."

"जाऊ दे. आठ दिसांनी आमी बी जाऊ तिला आणायला." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "घरात सात तोंडं हायत गो. तुज्या रेघेवर भात शिजत न्हाय."

तो खोटं बोलत नव्हता.

घरी आली तेव्हा तिची भावजय केसर दारात पाट्या उतरवत होती. केसरचा नवरा सदा, म्हणजे नलूचा भाऊ, रात्री बाहेर जाऊन बांगडा घेऊन आला होता. शेजारची सोनूबाई कुडापलीकडून म्हणाली, "किती गो केसर?"

"पाच," केसर म्हणाली.

नलूने सवयीने ओटीवर नजर टाकली. पाट्या सात होत्या. पाच ओळीने आणि दोन दाराच्या आड, गोणपाटाखाली.

"वैनी, सात हायत की."

केसरने झटकन पुढे होऊन ओला हात नलूच्या तोंडावर ठेवला. खवले नलूच्या ओठांना चिकटले.

"बोलू नका, वन्स. मोजू बी नका."

"का?"

"शेवटची मोजायची न्हाय. सगली मोजली तर दर्या समजतो, यांचं भागलं. मग देत न्हाय." केसर इतकं उघड सांगावं लागलं म्हणून ओशाळली. "तुमच्या आईनंच शिकवलं ना मला. भरलं घर असलं तर दोन सोडायच्या, बरं असलं तर एक."

नलूला आई दिसली. पाटी दाराआड सरकवताना आई म्हणे, "ही नव्हे." नलूला पाच-सहा वर्षांची असताना तो खेळ वाटे. पुढे शाळा, वसतिगृह, प्रयोगशाळा. आठवण कुठे गेली नव्हती, तिला कोणी हाक मारली नव्हती इतकंच.

तिने ओठांवरचे खवले पुसले. "मला सांगताना? मी वही घेऊन किनाऱ्यावर उभी असायची, तेव्हा?"

"तेवा तर जास्तच," केसर म्हणाली. "आमी नुसतं बोलतो, वाऱ्यावर जातं. तुमी तर लिवून ठेवायच्यात."

"सगळ्याच बायका असं करतात?"

"मग काय मी एकलीच?"

नलू पायरीवर बसली. पुढचा प्रश्न विचारण्याआधीच तिला उत्तर दिसत होतं, तरी तिने विचारला. "गेल्या साली, वैनी? गेल्या साली किती सोडल्यात?"

केसरने बांगड्यांवर पाणी मारलं. "गेल्या साली सोडायला व्हतं काय? सहाच्या सहा सांगितल्या. सोनूबाय तर म्हणाली, आता दर्यापासून लपवण्यासारखं बी काय रायलं न्हाय."

नलूने आधीच्या दोन सालांचंही विचारून घेतलं आणि वही काढली. बेरजा लहान मुलालाही जमतील अशा होत्या. पहिल्या साली आठ सांगितल्या, दोन सोडल्या: दहा. दुसऱ्या साली सात सांगितल्या, एक सोडली: आठ. तिसऱ्या साली सहा सांगितल्या आणि सहाच होत्या. दर साली एक नव्हे, दोन पाट्या घटत होत्या. सगळ्या बायकांनी प्रत्येक साली सारखीच पाटी सोडली असती, तर उतार तोच राहिला असता. पण विपुलतेत जास्त लपवलं गेलं आणि टंचाईत कमी, म्हणून खरा उतार सपाट होऊन तिच्या कागदावर आला होता.

तिने नवी रेघ ओढली. जुनी सहासष्ट साली तळाला टेकत होती. नवी त्रेसष्टला. आणि ती तळापर्यंत अशी सरळ जाणार नाही हेही तिला माहीत होतं. अंडी घालणाऱ्या माद्या एका मर्यादेखाली गेल्या की रेघ एकदम कोसळते, आणि ती मर्यादा कुठे आहे ते कोणालाही आधी कळत नाही. कदाचित ती गेल्या सालीच मागे पडली असेल.

उतार दुप्पट, म्हणजे बंदीही जवळजवळ दुप्पट हवी. पंचेचाळीस दिवस पुरणार नव्हते. दिवाळीपर्यंत, आणखी महिना, खुंट उघडे राहायला हवे होते. घट बसायच्या दिवशी चाळीस डोली लागल्या, तर खाडीतून निघालेल्या पिल्लांचा मागचा सगळा जथा त्यांत जाईल. अर्धवट उपास करून वर जेवणावर तुटून पडावं, तसं होईल. त्यापेक्षा बंदी नसती तर बरं, निदान कोणी उपाशी राहिलं नसतं.

चार दिवस तिने कोणाला सांगितलं नाही. भरतीच्या वेळी ती कांदळात जाऊन फडक्याच्या लहानशा जाळीने पाणी चाळी. पिल्लं दिसत, तांदळाच्या कणीएवढी, अंगातून पलीकडचं दिसेल अशी. ती दिसली की तिला आनंद होण्याऐवजी धडकी भरे. किती आहेत हे तिला कळत नव्हतं, आणि किती हवीत हेही आता नीट कळत नव्हतं. परत येताना लोक वाटेत बोलायचे थांबत. एके दिवशी त्यांच्या दारात कोणी तुटका दोर टाकून गेलं होतं. होडी ओढण्याचा दोर, मधोमध कापलेला. केसरने तो चुलीत घातला आणि सासऱ्याला सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी अनंता अंगणात होडीच्या फटींत कापूस ठोकत बसला होता. नलू समोर उकिडवी बसली.

"बा, माझं चुकलंय."

तिने सगळं सांगितलं. अनंताचा हात थांबला नाही. संपल्यावर त्याने हातोडी बाजूला ठेवली आणि फटीवरून अंगठा फिरवला.

"आदी चुकलीस. आता बरोबर हायेस, हे कशावरनं?"

हाच प्रश्न ती चार दिवस स्वतःला विचारत होती. "नक्की न्हाय सांगता येत, बा. पण दोन्हीकडची चूक सारखी न्हाय. महिनाभर थांबलो आणि माझं चुकलेलं निघालं, तर महिना गेला. डोली लावल्या आणि माझं बरोबर निघालं, तर खाडी गेली."

"महिना गेला, असं तू म्हंतेस. सोनूबायच्या घरी दोन डाव चूल पेटत न्हाय."

"माहीत आहे."

"आनि माझा शब्द?"

अनंताने कापसाचा पीळ फटीत दाबला. मग त्याने पुन्हा हातोडी उचलली.

"मी न्हाय सांगनार. चूक तुजी हाय, तोंड बी तुजंच लागल. घट बसायच्या दिशी देवळात ये. मी तुज्या बाजूला उभा ऱ्हाईन, तेवढंच माज्या हातात हाय."

घट बसायच्या दिवशी सकाळी देवळापुढे सगळी वाडी जमली. पुरुष आत, फरशीवर. बायका पायऱ्यांवर आणि अंगणात. काहींनी डोली घरातून काढून खांद्यावरच आणल्या होत्या. नारळ फुटला की थेट होडीकडे. ओहोटी लागायला तासभर होता. नलू आत येऊन उभी राहिली. बाप शेजारी होता, तरी तिला विठोबाच्या होडीच्या फळ्याच दिसत होत्या.

तिने सांगितलं. खाडी आणखी एक महिना बंद ठेवावी लागेल, असं म्हणताच आत गलका झाला.

रावजी उठला. "पैलं सांगितलं पंचेचाळीस दिस. आता सांगतेय आनखी तीस. उद्या म्हनेल, दर्याला कुलूप लावा आनि चावी माज्याकडं द्या."

लोक हसले. ते हसणं नलूला शिवीहून वाईट वाटलं.

"हिशेब चुकला, कारण मी लिहिलेले आकडे कमी होते," ती म्हणाली. "अठ्ठावन्न साली आठ पाट्या नव्हत्या. जास्त होत्या. सगळ्या मला सांगितल्या गेल्या नाहीत."

"कोनी न्हाय सांगितल्या?"

नलूने पायऱ्यांकडे पाहिलं. बायका खाली बघत होत्या. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की पुरुषांना हे ठाऊकच नाही. डोल ओढणं पुरुषांचं, पण होडी लागल्यावर पाटी बायकांची. दाराआड काय सरकतं ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आता नाव घ्यावं तर केसरचं घ्यावं लागणार, आणि केसर बाळाला छातीशी घट्ट धरून उभी होती. नलूने तोंड मिटलं.

"बघा," रावजी म्हणाला, "उत्तर न्हाय. आनंता, फोड नारळ."

अनंता हलला नाही. पण नारळ हातात होता आणि सगळ्यांचे डोळे त्या हातावर होते.

पायऱ्यांवरून काठीचा आवाज आला. सोनूबाई उठत होती. तिला उठायला वेळ लागला.

"माज्या दोन व्हत्या," ती म्हणाली. "पैल्या साली. मोजल्या न्हायत."

इतकंच बोलून ती थांबली. सत्तर सालं जे ओठांवर आणलं नव्हतं ते तिने देवीसमोर उघड मोजलं होतं.

"माजी एक. दुसऱ्या साली," मागून कोणी म्हणालं.

"पैल्या साली दोन," केसर म्हणाली. बाळ रडू लागलं, तिने त्याला थोपटलं नाही. "दुसऱ्याला एक. गेल्या साली न्हाय."

मग एकीमागून एक. कोणाची एक, कोणाच्या दोन. आवाज इतके हळू की आतल्या पुरुषांना कान द्यावा लागत होता. जणू मेलेल्यांची नावं घेत होत्या. नलूला लिहून घ्यावंसं वाटलं नाही.

शेवटी रावजीची बायको बायजा. ती नवऱ्याकडे न बघता देवीकडे बघून बोलली. "आपल्या दाराआड तीन व्हत्या. अठ्ठावनला. गेल्या साली एक बी न्हाय."

रावजीला करंदीचं आणि कोळंबीचं नातं पटलं नव्हतं. पण तीन आणि शून्य हे त्याला कळत होतं. तो मटकन खाली बसला आणि खांद्यावरची डोल त्याच्या मांडीवर घसरली.

"आनंत्याचा शब्द मोडत न्हाय," सोनूबाई म्हणाली. "त्यानं दिला तो आमच्या आकड्यावर दिला. आकडा आमचा खोटा. दंडाचे नारळ आमी बायका फोडू."

बराच वेळ खल झाला. ओहोटी लागली आणि सरलीही. अखेर ठरलं, दिवाळीपर्यंत. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक होडीने खाडीवरच्या घरांसाठी एक पाटी द्यायची. रावजीने शेवटी एकच विचारलं, आणि त्यात टोमणा नव्हता. "आनि दिवाळीला डोल रिकामी आली तर?"

अनंता म्हणाला, "तर माज्या होडीला हात लावू नका."

तो महिना नलूला तीन सालांहून लांब गेला. वाडी तिच्याशी वाईट वागली नाही, पण सगळे तिच्याकडे बघत. आजाऱ्याच्या खोलीतून बाहेर आलेल्या डॉक्टराकडे बघतात, तसे. तिला वाटे, मर्यादा मागे पडली असेल तर आता काही केलं तरी उपयोग नाही, आणि मग मी यांना उगाच उपाशी ठेवलं. नव्या रेघेवर ती पुन्हा पुन्हा बोट फिरवी. बायकांनी देवळात सांगितलं ते तरी पूर्ण होतं का? सगळं सांगितलं असेल का त्यांनी?

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भरती सरताच डोली लागल्या. सकाळी ओहोटी सरली तशा होड्या वळल्या. नलू वही घेऊन किनाऱ्यावर उभी होती. पेन्सिलीला दोनदा टोक केलं, दोनदा तुटलं.

सदाची होडी त्याच्या एकुलत्या डोलीचा माल घेऊन लागली. ओढायला माणसं धावली. अनंताने मोजावं तसं त्या हातांकडे पाहिलं आणि मान फिरवली. केसर पाण्यात उतरली. पहिली पाटी डोक्यावर आली तेव्हा नलूने तिच्यातली मूठभर करंदी उचलली. बारीक नव्हती. करंगळीएवढी होती, टणक, पाय झाडणारी. गेल्या साली एवढ्या मुठीत पन्नास मावली असती. तिने मोजली. एकोणीस.

"एक," केसर मोठ्याने म्हणाली. आजवर ती असं कधी म्हणाली नव्हती. "दोन."

बायका गोळा झाल्या. रावजीही आपली होडी सोडून आला. तीन, चार, पाच. सहावी पाटी आली तेव्हा केसरचा आवाज खाली गेला. गेल्या सालचा आकडा तिथे संपत होता. होडीच्या तळाशी अजून पाट्या होत्या.

"सात," केसर म्हणाली. "आठ."

मग तिने शेवटची पाटी उचलली, वाळूत ठेवली आणि तोंड मिटून नलूकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. देवळात त्यांनी जे सांगितलं ते गेलेल्या सालांविषयी होतं. ही पाटी समोर होती, ओली, जिवंत. आणि नलूला पूर्ण आकडा हवा होता, हे त्यांना माहीत होतं. ती म्हणाली असती तर केसरने मोजलं असतं.

नलूला ठाऊक होतं, बंद राहिलेल्या खाडीचा पहिला घास मोठा येणारच. त्याने काहीच सिद्ध होत नाही. खरं उत्तर पुढल्या साली नारळी पौर्णिमेनंतर आणि त्याच्याही पुढल्या साली. एवढ्याशा टिंबावर सगळी वाडी टांगलेली होती. तिने नुकताच उजेड पडलेल्या समुद्राकडे पाहिलं. तो ऐकतो आहे असं तिला वाटत नव्हतं. तरी तिची जीभ टाळ्याला चिकटली.

तिने वही पोटाशी धरली, पाठ वळवली आणि कोणाला दिसणार नाही असा नऊचा आकडा लिहिला.

"किती लिवलंत, वन्स?" केसरने हळूच विचारलं.

नलूने पानावर तळहात ठेवला. "पाटी उचल, वैनी. ऊन येतंय."